राक्षसाघरचे लेकरू

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. हिवाळ्यात स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागले की आमच्या वरोऱ्यात मराठीच्या प्राध्यापकाला कुणी वाली उरत नाही. सूत्रसंचालनापासून फलकावरच्या शुद्धलेखनापर्यंत सगळे त्याच्याच गळ्यात येते. त्या वर्षी विद्यार्थ्यांनी वीसेक मिनिटांची एक नाटिका स्वतःच रचली होती. एका राक्षसाचे कुटुंब. बाप हाडाचा राक्षस, आई त्याच्याहून वरचढ, आजी थेट दंडकारण्यातल्या आठवणी सांगणारी. आणि या घरात एक मुलगा, जो शाळेत पहिला येतो. तो निकाल घेऊन घरी येतो तेव्हा आई कपाळावर हात मारून घेते. सात पिढ्यांत जे कुणी केले नाही ते या कुळबुडव्याने करून दाखवले! बाप शाळेत जाऊन मास्तरांना जाब विचारतो, की आमच्या पोराला बिघडवले कुणी. आजी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढते. तालमीला बसलेली मुले हसून लोळत होती. मीही हसत होतो.

शेवट मात्र त्यांना सुचत नव्हता. तो मी सुचवला. मुलगा घर सोडतो, शहरातल्या वसतिगृहात राहून शिकतो, मोठा होतो आणि दहा वर्षांनी परत येऊन आईबापांना माणसात आणतो. सर्वांना पटला. मुलाचे काम करणारा विद्यार्थी गडचिरोलीकडचा, गोंड समाजातला होता. दोन दिवसांनी तालीम संपून सगळे पांगल्यावर तो मागे रेंगाळला आणि म्हणाला, ‘‘सर, ह्यानं घर कायले सोडाचं जी? घरचे तं त्याच्यावर जीव टाकते.’’

मी काहीतरी उत्तर दिले. नाटकाला शेवट लागतो, काही संदेश लागतो, असे काहीसे. ते उत्तर माझे मलाच पटले नाही, आणि तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात घर करून बसला आहे. दुष्टांच्या घरात वाढणाऱ्या मुलाची विनोदी गोष्ट आपण सांगतो तेव्हा नेमके कुणाला हसतो? आणि त्या मुलाला घराबाहेर काढण्याची आपल्याला एवढी घाई का असते?

या विनोदाची यंत्रणा तशी साधी आहे. घराण्याची नीती उलटी करायची, घरपण मात्र सुलटे ठेवायचे. मुलाची काळजी, नातेवाइकांत नाचक्की होण्याची भीती, शेजारच्या मुलाशी तुलना, आजीचे लाड, बापाचा ‘आमच्या वेळी असे नव्हते’चा पाढा, हे सगळे जसेच्या तसे. फक्त ‘अभ्यास कर’च्या जागी ‘खोडी कर’. प्रेक्षक हसतो तो राक्षसाला पाहून नव्हे. राक्षसाच्या तोंडी स्वतःच्या आईचे वाक्य ऐकून हसतो. चार्ल्स ॲडम्स या व्यंगचित्रकाराने १९३८ पासून ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात जे भुताळी कुटुंब रेखाटायला सुरुवात केली त्याचे सारे बळ यातच आहे. त्या कुटुंबावर १९६४ मध्ये दूरचित्रवाणी मालिका झाली, पुढे चित्रपट झाले, आणि २०२२ मध्ये आलेली ‘वेन्सडे’ ही मालिका तर आमच्या विद्यार्थ्यांनीही मोबाइलवर पाहिली आहे. त्या घराला आपण विचित्र आहोत याचा पत्ताच नाही. नवराबायकोचे एकमेकांवर निरतिशय प्रेम आहे, मुलांचे कौतुक आहे, आणि बाहेरचे सभ्य लोकच त्यांना जरा चमत्कारिक वाटतात.

याउलट रोआल्ड डालची ‘मटिल्डा’ (१९८८). तिचा बाप जुन्या मोटारी फसवून विकतो, गिअरपेटीत लाकडाचा भुसा भरतो, पुस्तक वाचणाऱ्या मुलीचा त्याला तिटकारा आहे. गोष्ट धमाल आहे. पण तिच्या शेवटी आईबाप पळून जातात आणि मटिल्डा आपल्या प्रेमळ शिक्षिकेच्या घरी राहते. म्हणजे एका प्रकारात मूल घरात राहते, दुसऱ्यात घरातून सुटते. माझी सूचना दुसऱ्या प्रकारातली होती. आणि ती मला डालकडून मिळालेली नव्हती. ती आपल्याकडे फार जुनी आहे.

राक्षसाघरचे आपले सर्वांत प्रसिद्ध लेकरू म्हणजे प्रल्हाद. त्याची कथा आपण लहानपणापासून इतक्या गंभीरपणे ऐकलेली असते, की ती मुळात किती विनोदी आहे हे लक्षातच येत नाही. भागवताचा सातवा स्कंध उघडून पाहावा. हिरण्यकशिपू मुलाला मांडीवर बसवतो आणि कौतुकाने विचारतो, बाळा, तुला सर्वांत चांगले काय वाटते ते सांग. मुलगा म्हणतो, घर नावाच्या अंधाऱ्या विहिरीतून बाहेर पडून वनात जावे आणि हरीला शरण जावे. यावर दैत्यांचा हा राजा काय करतो? हसतो. चक्क हसतो, आणि म्हणतो, परक्यांच्या बोलण्याने पोरांची बुद्धी अशी बहकते. याला गुरुजींच्या घरी नीट नजरेखाली ठेवा. मुलगा पुन्हा गुरुगृही जातो. शंड आणि अमर्क हे त्याचे दोन गुरू शुक्राचार्यांचेच पुत्र. ते त्याला चुचकारतात, दटावतात, दैत्यांच्या चंदनवनात हे काटेरी झाड कुठून उगवले म्हणून चरफडतात आणि राजनीती शिकवून पुन्हा राजापुढे उभा करतात. राजा पुन्हा मांडीवर घेतो, मस्तक हुंगतो, तोच प्रश्न विचारतो. मुलगा या खेपेस भक्तीचे नऊ प्रकार सांगतो. आता राजा भडकतो तो गुरुजींवर. आणि गुरुजी काय म्हणतात? महाराज, हे मी शिकवलेले नाही, दुसऱ्या कुणीही शिकवलेले नाही, ही याची उपजतच बुद्धी आहे!

पालकसभेत बसलेल्या कोणत्याही शिक्षकाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. पुढे तर याहून बहार आहे. गुरुजी घरच्या कामाला गेले की दैत्यांची मुले प्रल्हादाला खेळायला बोलावतात, आणि हा पोरगा खेळ सोडून त्यांना बालपण वाया न घालवण्यावर प्रवचन देतो. सगळा वर्गच बिघडतो. घाबरलेले गुरुजी राजाकडे धावत जातात. ही यंत्रणा ॲडम्सच्याच जातीची आहे, आणि त्याच्या कितीतरी शतके आधीची. पण परंपरेने आपल्या मनात ठसवला तो खांब, नरसिंह आणि उंबरठ्यावरचा वध. बापाचे ते पहिले हसू आपण विसरून गेलो. ते हसू लक्षात ठेवले असते, तर कथेचा शेवट इतका सहज पचला नसता. मांडीवर घेऊन मस्तक हुंगणारा बाप आणि उंबरठ्यावर फाडला जाणारा बाप एकच आहे, हे मग सतत डोळ्यांपुढे राहिले असते.

मराठीत एका माणसाने मात्र ही कथा त्या घराच्या बाजूने वाचली. महात्मा फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त हिरण्यकशिपूच्या घराण्याकडे इथल्या मूळच्या राजघराण्यासारखे पाहिले, त्यांच्या वाचनात प्रल्हाद हा बापाविरुद्ध फितवलेला कोवळ्या मनाचा मुलगा ठरतो. धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादात ही सगळी पुराणे कोर्टातल्या उलटतपासणीसारखी तपासली जातात, आणि त्या तपासणीचा सूर अनेकदा उघड थट्टेचा आहे. जोतीरावांचा इतिहास आज कुणाला पटो न पटो, वाङ्मयाच्या अभ्यासकाने एक गोष्ट टिपून ठेवायला हवी. त्यांनी हसण्याची दिशाच फिरवली. राक्षसाच्या घराला हसणाऱ्यांना त्यांनी हसायला लावले ते अवताराच्या कथेला. आणि प्रल्हादाचा नातू बळी याच्याबाबतीत तर महाराष्ट्रातल्या बायाबापड्यांनी फुल्यांच्या आधीच आपला निकाल देऊन ठेवलेला होता. इडापिडा टळून ज्याचे राज्य यावे असे त्या म्हणत आल्या, ते राज्य वामनाचे नव्हते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मला माझ्या एका सहकाऱ्याने घेतलाही. हिरण्यकशिपूने मुलाला हत्तीच्या पायी दिले, विष दिले, कड्यावरून लोटले. अशा घरातून मूल बाहेर पडू नये असे तुमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. जे घर मुलाच्या जिवावर उठते ते सोडलेच पाहिजे. मटिल्डा घर सोडते ते योग्यच करते. पण तिथे मूल सोडते ते बापाच्या कृत्यांमुळे. माझ्या नाटिकेतल्या राक्षसाने काय केले होते? काहीही नाही. मुलगा पहिला आला म्हणून आईने कपाळ बडवले, एवढाच त्याच्या घराचा अपराध. तरी मी मुलाला वसतिगृहात धाडले, कारण घर राक्षसाचे होते. कृत्याची शिक्षा आणि कुळाची शिक्षा यांतला फरक मला तालमीत दिसला नाही, आणि मी स्वतःला साहित्याचा शिक्षक म्हणवतो.

प्रल्हादापेक्षा मला आता दुसरे एक लेकरू जवळचे वाटू लागले आहे. घटोत्कच. आपल्याकडे तो खादाड, आडदांड, मायावी आणि विनोदी म्हणूनच ओळखला जातो. वत्सलाहरणाच्या आख्यानात तो वत्सलेचे रूप घेऊन दुर्योधनाच्या मुलाची लग्नाच्या मांडवात फजिती करतो. व्यासांच्या महाभारतात नसलेले हे आख्यान लोकांनी इतके आपलेसे केले, की बाबूराव पेंटरांनी त्यावर मूकपट काढला आणि १९५७ च्या तेलुगू ‘मायाबाजार’मध्ये एस. व्ही. रंगारावांचा घटोत्कच अजरामर झाला. पण या मुलाचे घर पाहायचे असेल तर भासाच्या ‘मध्यमव्यायोगा’कडे जावे लागते. भासाची नाटके १९१२ पासून त्रिवेंद्रमहून गणपतिशास्त्र्यांनी प्रसिद्ध केली. संस्कृतच्या विद्यार्थ्यांना ती परिचयाची असतात, मराठीच्या वर्गात मात्र ती क्वचितच पोचतात. हे आमचे नुकसान आहे.

कथा अशी. हिडिंबेचा उपवास आहे, आणि पारण्याला तिला माणूस हवा आहे. तिने मुलाला माणूस आणायला अरण्यात पाठवले आहे. (आपल्या घरांतून चतुर्थीला चंद्रोदयाच्या आधी दुर्व्यांसाठी किंवा खोबऱ्यासाठी पिटाळली जाणारी मुले आठवावीत.) घटोत्कचाला वाटेत एक वृद्ध ब्राह्मण, त्याची बायको आणि तीन मुलगे भेटतात. ब्राह्मण पूज्य असतात, हे काम करू नये, हे या राक्षसपुत्राला ठाऊक आहे. तो तसे म्हणतोही. पण आईची आज्ञा. तो तोडगा सुचवतो, की तुमच्यातला एक द्या आणि बाकीचे सुखाने जा. म्हातारी पुढे होते. तर म्हणतो, आईला स्त्री चालत नाही. म्हातारा पुढे होतो; तर, तू फार म्हातारा आहेस, बाजूला हो. मग मुलगे एकमेकांच्या पुढे होऊ लागतात, आणि इथे भासाने जे केले आहे त्याला तोड नाही. बाप म्हणतो, थोरला मला प्रिय आहे, त्याला सोडवत नाही. आई म्हणते, धाकटा माझा लाडका. उरतो मधला. तो विचारतो, आईबापांनाच जो नकोसा, तो आता कुणाला प्रिय असणार? आणि घटोत्कच चटकन म्हणतो, मला आहेस, चल लवकर!

या एका उत्तराने नाटक पालटते. हसता हसता प्रेक्षकाच्या लक्षात येते, की या अरण्यात दोन कुटुंबे समोरासमोर आहेत. एक राक्षसाचे, जिथे आईच्या जेवणाची वेळ टळू नये म्हणून मुलगा घायकुतीला आला आहे. दुसरे सज्जनाचे, जिथे मधल्या मुलाचा हिशेब चुकता करून टाकलेला आहे. आणि खलाघरच्या मुलाची विनोदी गोष्ट मला इथेच पूर्ण झालेली दिसते. हसू राक्षसाच्या दारात सुरू होते आणि तिथून निसटून सज्जनाच्या ओसरीवर येऊन बसते. ज्या गोष्टीत ते निसटत नाही, राक्षसाच्याच अंगणात अडकून पडते, ती केवळ टिंगल असते, मग ती कितीही हशा मिळवो. माझ्या विद्यार्थ्यांच्या नाटिकेतले पहिले पंधरा मिनिटांचे हसू प्रेक्षकांच्या ओसरीवर येत होते. शेवट जोडून ते मी राक्षसाच्या अंगणात परत नेऊन सोडले.

भासाच्या नाटकाचा उरलेला भाग सर्वांना माहीत असेल. मधला मुलगा पाणी प्यायला जातो, त्याला उशीर होतो, घटोत्कच ‘मध्यम’ म्हणून हाका मारतो, आणि जवळच असलेला पांडवांतला मधला, म्हणजे भीम, आपल्यालाच हाक आली समजून पुढे येतो. बापलेकांची झटापट होते. भीम ब्राह्मणाच्या मुलाऐवजी स्वतः जायला तयार होतो आणि हिडिंबेपुढे येताच ती मुलाला दटावते, अरे वेड्या, हा तर आपले दैवत आहे. सगळा गोड शेवट. मूल घरातच राहते, उलट बापच घरी येतो. फक्त एक वाक्य घशात अडकते. बायकोचे समजूतदार वागणे पाहून भीम तिची प्रशंसा करतो ती अशी, की ही जातीने राक्षसी असली तरी आचरणाने नाही. प्रशंसाच आहे. पण तिच्या पहिल्या अर्ध्या भागात जे सांगून टाकले, ते दुसऱ्या अर्ध्याने पुसले जात नाही. शिक्षकी पेशात मी हे वाक्य वेगवेगळ्या रूपांत किती वेळा ऐकले आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर किती वेळा उच्चारले आहे! ‘अमक्या वस्तीतला आहे, पण मुलगा चांगला आहे हो.’

आणि व्यासांच्या महाभारतात तर या विनोदी मुलाचा हिशेब फारच कोरडा आहे. द्रोणपर्वात घटोत्कच बापाच्या बाजूने लढतो आणि अर्जुनासाठी राखून ठेवलेली कर्णाची शक्ती अंगावर घेऊन मरतो. पांडव शोक करतात. कृष्ण आनंदाने नाचतो. अर्जुन वाचला हे कारण तर आहेच. पण पुढे तो हेही सांगतो, की हा कर्णाच्या हातून मेला नसता तर मलाच त्याला मारावे लागले असते, कारण हा ब्राह्मणांचा आणि यज्ञांचा द्वेष्टा होता. भासाच्या अरण्यात ब्राह्मण पूज्य असतात असे म्हणणारा तो मुलगा हाच. हाक मारली की येणारा, हसवणारा, लढणारा, घरचा म्हणवला जाणारा. मेल्यावर मात्र पुन्हा राक्षस.

येथवर सर्व पुराणांतले झाले. पण एखादे कुटुंबच्या कुटुंब जन्माने खल आहे, हे ठरवायला नेहमी पुराण लागते असे नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून ते कागदावर केले. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर झाली, आणि या जमातींच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारशाळांत ठेवण्याचा अधिकारही सरकारच्या हाती आला. म्हणजे माझ्या नाटिकेचा शेवट कायद्याच्या कलमात आधीच लिहिलेला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. विदर्भात पारध्यांच्या बेड्यांवरून जाणाऱ्या पोलीस गाडीचा वेग मात्र तेवढ्याने वाढला असे म्हणता येत नाही.

या कायद्याच्या सावलीत वाढलेल्या मुलाने लिहिलेले पुस्तक मराठीत आहे. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, आणि अनेक विद्यापीठांत ते शिकवले गेले. आम्ही ते वेदनेचे पुस्तक म्हणून शिकवतो. तसे ते आहेच. पण त्यात एक प्रसंग असा आहे, की तो नुसता सांगितला तर वर्ग हसतो आणि हसल्याबद्दल लगेच ओशाळतो. लहान लक्ष्मण शाळेत जाऊ लागतो. वस्तीत कुणीच कधी शाळेत गेलेले नाही. नेमकी त्याच सुमारास वस्तीतल्या पोरांना हगवण-ओकारी लागते. ठपका कुणावर? शाळेत जाणाऱ्या पोरावर. आपल्यात कुणी शिकत नाही, हा शिकायला लागला म्हणूनच हे अरिष्ट आले! आमच्या नाटिकेतली दृष्ट काढणारी आजी आणि ही वस्ती यांत काय फरक आहे? विनोदाची यंत्रणा तीच. पण इथे कुणी ती रचलेली नाही. इतिहासाने ती रचली आहे. शाळा ही ज्यांच्या दृष्टीने पोलीस ठाण्याच्याच बाजूची गोष्ट होती, त्यांचा तर्क इतका वेडगळही नाही. हसू येते, थांबते, आणि हळूच आपल्या ओसरीवर येते. या माणसांना चोरीखेरीज दुसरे काही येणारच नाही, अशी व्यवस्था कुणी लावली? दलित-भटक्यांच्या आत्मकथनांतील विनोद हा आमच्याकडे प्रबंधाचा विषय फारसा होत नाही. मार्गदर्शकांना तो जरा अप्रशस्त वाटतो. दुःख भोगणाऱ्याने गंभीरच असले पाहिजे, हीही एक प्रकारची सक्तीच.

मराठी बालसाहित्यात राक्षस पुष्कळ आहेत, आणि ते दुष्टांपेक्षा विनोदीच अधिक आहेत. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण घ्या. एकेकाळी दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८ च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले यांनी ती रंगवली, आणि बालप्रेक्षक नाटकातल्या सज्जनांपेक्षा तिच्यावरच अधिक खूश राहिले. पण आपल्या गोष्टींतल्या राक्षसाला आणि चेटकिणीला बहुधा घर नसते. गुहा असते, वाडा असतो, सात समुद्रांपलीकडच्या पोपटात जीव असतो. सांजवेळी कुणाची वाट पाहणारे घर नसते. लोककथांत कधीमधी राक्षसाची मुलगी भेटते. ‘माणूसघाण येते’ म्हणत बाप घरी येतो तेव्हा ती राजपुत्राला लपवते, लाडीगोडीने बापाकडून त्याच्या जिवाचे गुपित काढून घेते, आणि मग बाप मरतो, ती राजपुत्राबरोबर जाते. ती रडली का, हे कथा सांगत नाही. इथेही सुटका, आणि सुटकेची किंमत बापाच्या नावावर.

आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांचे याबाबतीत मला कौतुक वाटते. दिवाळीनंतर मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर चालणारी ही नाटके शहरी समीक्षकाला भडक वाटतात, आणि ती असतातही भडक. खलनायक डोळे वटारून येतो, पेटीमास्तर सूर ओढतो. पण मी पाहिलेल्या कितीतरी प्रयोगांत प्रेक्षकांना जागे ठेवले ते खलनायकाच्याच घरातल्या विनोदी पात्राने, त्याच्या वेंधळ्या पोराने नाहीतर मेहुण्याने. तो घर सोडत नाही. बापाचा कट तो फोडतो तोही बहुधा चुकून, आणि शेवटच्या अंकात बापाला बेड्या पडल्यावर सगळ्यात मोठा हंबरडा त्याचाच असतो. ज्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली त्या परशुराम खुणे यांनी विनोदी भूमिकांवरच या रंगभूमीवर नाव कमावले. बापाच्या अटकेवर हसावे की रडावे हे न कळून बसलेला पहाटेचा तो प्रेक्षक मला अनेक परिसंवादांतल्या श्रोत्यांपेक्षा अधिक सूक्ष्म वाटतो. असो.

त्या विद्यार्थ्याशी माझे नंतर एकदा बोलणे झाले, नाटिकेविषयी नव्हे, सुट्टीत गावी कधी जाणार याविषयी. गडचिरोलीकडच्या काही गोंड गावांत रावणाला पूर्वज मानतात, दसऱ्याला त्याचे दहन न करता पूजन करतात, हे मी वर्तमानपत्रांतून वाचलेले होते. त्याने ते अगदी सहज सांगितले, जसे एखादा आपल्या गावची जत्रा सांगेल. मला एकदम आमची नाटिका आठवली. दंडकारण्याच्या आठवणी सांगणारी आजी हा आम्हाला सर्वांत मोठा हशा देणारा विनोद होता. त्या आजीची वाक्ये रचताना हा मुलगा समोर बसलेला होता आणि हसतही होता. त्याचे हसू कोणत्या जातीचे होते, हे मी त्याला विचारू शकलो नाही.

संमेलनाचा प्रयोग माझ्याच शेवटाने झाला. संहितेप्रमाणे दहा वर्षांनी परतलेला मुलगा आईबापांपुढे उभा राहून म्हणतो, आजपासून आपण माणसे झालो, आणि पडदा पडतो. ते वाक्य त्याला चोख पाठ होते. तालमीत तो ते कधी चुकला नव्हता. प्रयोगात तो आत आला, हातातली बॅग ठेवली, आणि काहीच न बोलता जमिनीवर आईच्या शेजारी जाऊन बसला. आईचे काम करणारी मुलगी गोंधळली. मग तिने त्याच्यापुढे जेवणाचे ताट सरकवले. विंगेत दोरी धरून उभा असलेला मुलगा माझ्याकडे पाहत होता, पडदा ओढू की नको.